उलट उत्तर

केसरबाईला उलट उत्तर मिळालं ते एका रिक्षाच्या पाठीवरून. भर दुपार, भर बाजार. मांडीवर लसणाची पिशवी, पायाशी तिळाची, अशी ती रिक्षात बसलेली. पुढे कोणा शहाण्याने मिरचीचा ट्रॅक्टर आडवा घातलेला, त्याच्या मागे एक रिक्षा आणि तिच्या मागे हिची. हवेत खकाणा. नंदुरबारात मिरचीच्या दिवसांत ठसका लागलेला माणूस बोलणं थांबवत नाही, ठसक्यातूनच भाव सांगतो. केसरबाईने पदर नाकाला लावला आणि दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं म्हणून समोरच्या रिक्षाची पाठ बघू लागली. वाचायची तिला हौस नव्हती. दुसरीपर्यंतची शाळा, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन केलेली. अक्षरांशी तोंडओळख होती, येणं-जाणं नव्हतं. शिवाय रिक्षावाले काय लिहितात ते तिला माहीत होतं. वर आईचा आशीर्वाद आणि खाली फायनान्सवाल्याचं नाव, म्हणजे खरी आई कोण ते लोकांना कळावं. पण इथे पिवळ्या रंगात दोन ओळी होत्या आणि ट्रॅक्टर काही हलत नव्हता. तिने ओठ हलवत एकेक अक्षर उचललं. ‘रूप पाव्हना शे, सांगीसन जात नही.’ वाचून झालं आणि अंधारात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा नि ती नसावी, तसं तिला झालं. रूप हा पाहुणा आहे, सांगून जात नाही. हे वाक्य तिचं होतं. देवळाबाहेर काढलेली आपली चप्पल दुसऱ्या दिवशी भाजीवालीच्या पायात दिसावी, तसं ते समोर उभं होतं. मळलेलं नाही, झिजलेलं नाही, उलट पिवळं धमक रंगवलेलं. तिने घाईघाईने दुसरी ओळ उचलली. ‘गया तं जाऊ द्या, घर तं मन्हं शे.’ गेला तर जाऊ द्या, घर तर माझं आहे. ही मात्र तिची नव्हती. ही तिने कधीच म्हटली नव्हती. हे उत्तर होतं. ट्रॅक्टर हलला, पुढची रिक्षा फटफटत उजवीकडे वळली आणि केसरबाई लसणाची पिशवी पोटाशी धरून मागे टेकली.

उत्तर! या गोष्टीची तिला सवयच नव्हती. तिच्या घरात बोलायची रीत ठरलेली होती: बोलायचं आणि पाठ फिरवायची. उत्तर ऐकायला थांबतो तो वकील, असं ती म्हणायची. वाक्य टाकून ती दारापुढच्या ओट्यावर निघून जायची आणि मागे भांडी जरा जास्त आपटली की नेम बरोबर बसला, असं समजायची. नवरा चुनीलाल होता तोवर तोही उत्तर देत नसे, तंबाखू मळत बसे. आणि तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आयुष्यभर आपण त्या मळण्याच्या आवाजाशीच भांडलो. मुलगा नवल मिरची कांडपाचा गिरणीवाला, गिऱ्हाइकाशी दिवसभर ओरडून बोलणारा, घरात शिरला की ‘व्हय माय’ एवढंच. नात सोनम कॉलेजात जायची, ती हसायची. आणि सून मयूरी. मयूरी ऐकायची. केसरबाईच्या डोक्यातलं चाक इथे येऊन अडकलं, कारण ते पाहुण्याचं वाक्य तिने ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी स्वयंपाकघरात दोघीच होत्या.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. आपली वाक्यं ती विसरत नसे, माणसं विसरे. मयूरीच्या ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका आला, तेव्हा सगळ्यांना चुना वाटला. पुसला, गेला नाही. मग बोटांवर आले, मग मनगटावर. कोड. डॉक्टरने सांगितलं, लागण होत नाही, दुखत नाही, जिवाला काही नाही. म्हणजे डॉक्टरच्या मते काहीच नव्हतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी वाणाची वाटी घेताना बोटं अशी आखडली, जशी इस्त्री गरम आहे का बघतात. त्या गेल्यावर मयूरी मोरीजवळच्या टिचभर आरशासमोर उभी होती, काही करत नव्हती, नुसती उभी. केसरबाई पाणी प्यायला आत आली. समजूत काढायची होती की टोचायचं होतं, हे तिचं तिलाही कळलं नाही. शब्द जुळून आले, चांगले जुळले, म्हणून तिने ते सोडले. चांगलं वाक्य तोंडात धरून ठेवणं तिला कधी जमलं नाही. गरम घास असतो तो, गिळवत नाही, थुंकावाच लागतो. ‘रूप पाव्हना शे, सांगीसन जात नही,’ ती म्हणाली, तांब्या ठेवला आणि पाठ फिरवली. त्या दिवशी मागे भांडी आपटली नव्हती. तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरी आली ती डोळे बारीक करूनच. मयूरीने पिशव्या घेतल्या, लसूण हातात तोलून पाहिला, ‘चांगला मियना, आत्या,’ म्हणाली. चांगला मिळाला. बस्स एवढंच. केसरबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. घरची सून किती वर्षं समोर असते आणि माणूस तिचे हात बघतो, पदर बघतो, ताटातलं मीठ बघतो. तोंड बघायचं राहूनच जातं. ओठाचा पांढरा कोपरा आता गालापर्यंत आला होता, कोणी नकाशात गाव वाढवत न्यावं तसा. त्या तोंडामागे कोणी राहतं का? केसरबाईला एकदम दुसरीच गोष्ट आठवली आणि तिच्या मानेवरून काटा सरकला. गच्ची. ही बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते ते किती वेळ? एका घराचे कपडे वाळत घालायला अख्खी दुपार लागत नाही. आणि एकदा, ती स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर लसूण सोलत बसलेली असताना, वरून कुजबुज आली होती. कोणाशी तरी बोलणं, मध्ये थांबणं, पुन्हा बोलणं, आणि एकदा तर हसणं. फोनवर माहेरचं कोणी असेल म्हणून तिने तेव्हा सोडून दिलं. माहेरच्यांशी कोणी इतकं हळू बोलत नाही. माहेरच्यांशी बायका सासरला ऐकू जाईल असंच बोलतात.

मग संशयाला पाय फुटले. असेल कोणी. असेल कोणी तरी, ज्याला ही घरातलं वाक्य न् वाक्य पोचवते. तोच रंगवून घेत असेल, तोच उत्तरं जुळवत असेल. ‘घर तं मन्हं शे’ म्हणे! कोणाचं घर? कांडप गिरणीच्या पहिल्या चक्कीसाठी हातातल्या पाटल्या कोणी मोडल्या? रात्री झोपताना ती हे सगळं पुन्हा पुन्हा घोळवत असे आणि सकाळी उठून तिने सुनेला मनातल्या मनात माहेरी पाठवून दिलेलं असे. मग मयूरी चहा घेऊन समोर यायची आणि तिला पुन्हा पाठवावी लागायची. नवलला सांगावं, तर तो ‘व्हय माय’ म्हणेल. सोनमला विचारावं, तर तिच्या हातात सदा पुस्तक. केसरबाईचा पुस्तकांवर राग नव्हता, विश्वास नव्हता. पुस्तक म्हणजे दुसऱ्याच्या घरचं ताट, चव कळते, भूक जात नाही, असं ती एकदा सोनमला म्हणाली होती, आणि सोनम हसून म्हणाली होती, ‘मोठीमाय, हाई लिखी ठेवाले पाहिजे.’ लिहून ठेवायला पाहिजे! आता ते हसूसुद्धा तिला सरळ वाटेना. कोण कोण आहे यात? जगात माणूस आणि मिरची उन्हात टाकल्याशिवाय कळत नाही. पण फार उन्हात ठेवलं तर दोन्हींचा रंग उडतो आणि मग काहीच कळत नाही. तिचं तसंच व्हायला लागलं होतं. सगळ्यांचे रंग उडालेले.

शेवटी तिने जाळं लावायचं ठरवलं. प्रत्येकाच्या कानात वेगळं वाक्य टाकायचं. जे गावात फिरेल, त्या कानाचा मालक चोर. आयुष्यात पहिल्यांदा ती वाक्य जुळवायला बसली, खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, आणि घाम फुटला. काही येईना. समोर चिडायला कोणी नसलं की जीभ नुसती मांसाचा तुकडा. मोठ्या मुश्किलीने ती नवलला म्हणाली, ‘लबाडनं हसू आनि फुटेल माठनं पानी टिकत नही.’ लबाडाचं हसू नि फुटक्या माठाचं पाणी! स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. कॅलेंडरच्या पाठीमागचं वाक्य. शेजारच्या सुनिताला तिने खोट्या दागिन्यावरून काहीतरी ऐकवलं, सोनमला चंद्रावरून. आणि मयूरीला, जरा थांबून, डोळ्यात डोळा घालून, म्हणाली, ‘पानी वाढव भाजीमा. तुन्ही भाजी आनि तुन्हं मन, दोन्हींना तळ दिसत नही.’ हे जरा बरं होतं, कारण थोडं खरं होतं. मयूरीने पातेल्यात पाणी टाकलं.

मग ती रोज काही ना काही निमित्त काढून स्टेशनाकडे जाऊ लागली. रिक्षा रांगेत उभ्या असत, आणि केसरबाई रांगेच्या मागून, पदर सावरत, गोठ्यातली गुरं पाहावीत तशी एकेकीची पाठ वाचत जाई. रिक्षावाल्यांची करमणूक झाली. ‘मोठीमाय, रिक्षा लेवानी शे का?’ एकाने विचारलं. ‘दात देखानं व्हई तं पुढून देख,’ दुसरा म्हणाला, जशी ती बैलच घ्यायला आली आहे. ती म्हणाली, ‘पुढून देखं रे भाऊ, तेना करता तं मागे उनू,’ पुढून पाहिलं म्हणूनच मागे आले, आणि सगळे हसले. तिला बरं वाटलं, आणि लगेच धास्ती वाटली: हेही जाईल आता कोणाच्या तरी पाठीवर. पण तिची जाळ्यातली वाक्यं कुठेच दिसली नाहीत. माठ नाही, दागिना नाही, चंद्र नाही, भाजीचा तळही नाही. आणि हळूहळू, रोजच्या त्या वाचनात, तिला एक गोष्ट कळली आणि ती अपमानासारखी लागली. चोराला पारख होती. भिकार माल तो उचलतच नव्हता.

पिवळ्या ओळीची रिक्षा तिला सापडली तेव्हा ऊन चढलेलं होतं आणि मालक आत आडवा झालेला. कुंदन नाव त्याचं, पोरसवदा नव्हता, चांगला दोन लेकरांचा बाप, दाढीत केस पिकायला लागलेले. केसरबाईने काठीने रिक्षाच्या पाठीवर टकटक केलं. ‘हाई कोनी लिखं?’

‘पेंटरनी लिखं, मोठीमाय.’

‘पेंटरना बापले सुचनं का हाई?’

कुंदन उठून बसला. ‘नही व. मोबाइलमा ऱ्हास. तुम्ही आयकं नही? “सासू बोलनी.” आख्खं खान्देश आइकस. एक सासू बोलस नि सून मनातल्या मनमा उत्तर देस. तोंड दखाडत नही बाई, दोन्ही आवाज तीच काढस. थांबा.’ त्याने फोन काढला, अंगठ्याने चार वेळा पुसला, आणि रिक्षात तिचाच आवाज आला.

केसरबाईने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, कोणी बोलावलं की वळतात तसं. मागे फक्त रस्ता होता. आवाज फोनमधून येत होता: तोच खर्ज, वाक्याच्या शेवटी तीच एक आपट, तंबाखू नसूनही तंबाखू तोंडात असल्यासारखं ते बोलणं. ‘व मयूरी’ म्हणत नव्हता, ‘व पोरी’ म्हणत होता. ‘व पोरी, हाऊ भात शे का लापशी? तांदुळले इचारी तरी घेवानं व्हतं, तुले शिजानं शे का इरघळानं शे.’ हे तिने म्हटलं होतं. गेल्या पोळ्याला. आणि मग दुसरा आवाज, खाली, शांत, पदर डोक्यावर घेतल्यासारखा: ‘इचारं व्हतं, आत्या. तो म्हने, या घरमा आख्खं कोनी ऱ्हावू शकत नही.’ या घरात अख्खं कोणी राहू शकत नाही, असं तांदूळ म्हणाला. केसरबाईला हसू आलं. खदकन आलं, दाबायच्या आत. हसून झालं आणि मग कळलं की आपण कोणावर हसलो.

कुंदन एकामागून एक लावत राहिला. तिने म्हटलेलं सगळं तिथे होतं, नीट पुसून, ओळीने मांडलेलं, जशी मयूरी ताटं मांडते. काही वाक्यं तर ती स्वतः विसरली होती असं तिला वाटलं. नाही, विसरली नव्हती, फक्त ती म्हणताना ऐकली नव्हती. प्रत्येकाच्या शेपटाला ते हळू उत्तर. उत्तरं रडवी नव्हती. रडवी असती तर तिला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या सुनेला काय म्हणायचं ते सासवांना आईच्या पोटातूनच येतं. ही उत्तरं हसत होती. आणि गच्चीवरची ती कुजबुज, ते थांबणं, ते पुन्हा बोलणं! ज्या परक्यापायी तिने सुनेला रोज सकाळी माहेरी पाठवलं, तो परका ती स्वतःच होती. मयूरी गच्चीवर ओल्या कपड्यांच्या आड उभी राहून केसरबाईशी बोलत होती. खाली जिन्यावर खरी केसरबाई लसूण सोलत होती, आणि वर सून तिच्याशी असं बोलत होती जसं घरात कधीच कोणी बोललं नाही.

‘सासू भारी शे ना?’ कुंदन म्हणाला. ‘सूनना पेक्षा लोके सासूलेच आइकतस. पन मरेल व्हई आते. असी सासू आते कथी ऱ्हास?’ मेली असेल. केसरबाई तोंड उघडणार होती. फोनमधला आवाज कानात ताजा असताना तो ओळखेल, म्हणून तिने तोंड मिटलं. मान हलवली. ‘आते काही नवं येत नही पन,’ तो म्हणाला, ‘बंद पडनं वाटस.’ येणार कुठून? जाळं लावल्यापासून घरात तिने धड वाक्य टाकलंच नव्हतं. तिने त्याला हातानेच घराकडे चल म्हणून खुणावलं, आणि वाटभर मुकी बसून राहिली.

मुकी ती घरीही राहिली. बोलावं तर ते गच्चीवर जाणार. न बोलावं तर ही आपली जीभ कोणी कापून नेल्यासारखी. तिने ‘मीठ’ म्हटलं नाही, बोट दाखवलं. भात लापशी झाला, तिने खाल्ला. नवल घाबरला. ‘माय, दवाखानामा जाऊत का?’ त्याने दोनदा विचारलं, कारण आईचा ताप त्याला समजला असता, आईची शांतता त्याने कधी पाहिली नव्हती. सोनम म्हणाली, ‘मोठीमाय, मन्हावर राग शे का?’ फक्त मयूरीने काही विचारलं नाही. ती ताट ठेवताना क्षणभर थांबायची, ऐकल्यासारखी. आणि काही आलं नाही की तिच्याही कपाळावर एक बारीक घडी पडायची. केसरबाईला ती घडी ओळखीची वाटली. संशय. सुनेला सासूचा संशय येत होता. दोघी एकाच घरात एकमेकींच्या पावलांचा अंदाज घेत फिरू लागल्या, दोन मांजरींसारख्या, आणि मध्ये नवल, बिचारा, दूध सांडल्याचा आरोप आपल्यावर येईल या भीतीने जेवायचा.

आणि या मौनात केसरबाईला जे डसलं ती चोरी नव्हती. चोरी तर झालीच होती. पण चोराने माल नासवला असता तर ती भांडली असती. इथे माल सुधारून परत आला होता. पाहुण्याचं वाक्य तिने टाकलं तेव्हा ते अर्धंच होतं, हे तिला तेव्हा कळलंच नव्हतं. आपली सगळी वाक्यं अर्धी असतात का? दार उघडून आत ओरडायचं आणि दार लावून घ्यायचं, याला आपण बोलणं म्हणत आलो का? ती ओट्यावर बसून रस्त्यावरची माणसं बघे. कोणी कोणाशी बोलत जाई, कोणी फोनवर हातवारे करी, आणि तिला प्रत्येकाच्या मागे एक दुसरा हळू आवाज ऐकू येई, जो उत्तर देत होता आणि कोणी थांबून ऐकत नव्हतं. मग तिला राग येई. उत्तर द्यायचं होतं तर तोंडावर द्यायचं होतं! अख्ख्या खान्देशाला दिलं, मलाच नाही दिलं. गावजेवण घातलं आणि घरचीला उपाशी ठेवलं. हा राग मात्र खरा होता, आणि त्याच्या तळाशी काय आहे ते बघायला ती वाकली नाही.

बिबड्यांचा दिवस तिनेच ठरवलेला होता, तो काही मौनासाठी पुढे ढकलता येत नव्हता. ज्वारी भिजून आंबली होती. बिबडे म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड, खान्देशात ते कोणी एकटीने करत नाही. आज या घरी, उद्या त्या घरी, गल्लीतल्या बायका पहाटेच येतात. पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, तीळ, लसूण, मिरची घालायची, आणि गरम असतानाच ओल्या हातांनी खाटेवरच्या ओल्या धोतरावर पातळ थापायचं. हात थांबला की पीठ घट्ट होतं, म्हणून हात थांबवायचा नसतो. तोंड मात्र चालू ठेवायचं असतं. गच्चीवर खाटा मांडल्या, ऊन कोवळं होतं, बायका जमल्या. केसरबाई पातेल्याजवळ बसली. मयूरीने बांगड्या वर सारल्या, हात पाण्यात बुडवले आणि खाटेपाशी बसली. ओले हात उन्हात चकाकले, पांढरे आणि सावळे, दोन बायकांचे असावेत तसे.

सुनिता अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘मयूरी, तू कसाले बठस व? तू चहानं देख ना खाले. आम्ही शेतस थापाले.’ तू कशाला बसतेस, खाली चहाचं बघ. दोन बायकांनी मुद्दाम पीठ कालवलं. सगळ्यांच्या नजरा हळूच पातेल्याकडे, केसरबाईकडे आल्या; तिच्या गच्चीवर शेवटचा शब्द तिचा. केसरबाईच्या तोंडात तो तयारही झाला, गरम, जुळलेला. सुनितासाठी होता. टाकला असता तर सुनिता आठवडाभर ओट्यावर दिसली नसती. तिने तो गिळला. पहिल्यांदाच गिळला, आणि घसा भाजला.

‘आयकं का व मयूरी?’ ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज निघाला होता, त्याला गंज चढलेला. ‘तुले इचारी ऱ्हायनी ती. माले नही.’

मयूरीने मान वर केली. तिने सासूकडे बघितलं, आणि केसरबाईला तिच्या डोळ्यात स्पष्ट दिसलं की तिला हे जाळं वाटतंय. वाटणारच. केसरबाईने पाठ फिरवली नाही. बसून राहिली. पातेल्यात पीठ फदफदत होतं. मयूरीने एक गोळा उचलला, धोतरावर ठेवला, बोटांनी कडेकडेने पसरवत नेला, आणि मान खाली घालूनच बोलली. पण आवाज तिचा नव्हता. खर्ज होता, शेवटी आपट होती. ‘व सुनिता, मागला सालना बिबडा तू पाटीभर लई गयी. त्या याच हातना व्हतात. पोटले कळनं नही, आते डोयाले कळनं का?’

मागच्या वर्षी पोटाला कळलं नाही, ते आता डोळ्यांना कळलं! एक बाई आधी हसली, मग सगळ्या. सुनिता लाल झाली, तीही हसली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग हसू मध्येच तुटलं, कारण सगळ्यांच्या लक्षात आलं की आवाज कोणाचा होता, आणि तो आवाज जिचा होता ती समोरच बसली होती. ‘व माय,’ कोणीतरी पुटपुटलं, ‘मोबाइलवाली...’

‘मन्ही जीभ तुन्हा तोंडमा कोनी ठेवी?’ केसरबाईने विचारलं. विचारताना तिला हवं होतं की आवाज धारदार यावा; तो तसा आला नाही.

मयूरीने हात पाण्यात बुडवला. आता आवाज तिचा होता, तो गच्चीवरचा, ओल्या कपड्यांमागचा. ‘तुम्हीच, आत्या. रोज थोडी थोडी. मी गिळत गयी.’

आता उठून जायला पाहिजे होतं, पण उठायची पाळी कोणाची, हे केसरबाईला कळेना. आयुष्यभर बोलणारीच उठत आली होती, आणि आज बोलणारी जागची हलली नव्हती. ती दुसरा गोळा थापत होती, पातळ, गोल, कडेला न फाटलेला. सुचलं ते एवढंच, आणि तेही तिच्या जन्मभराच्या धंद्यातलं, एका वाक्य जुळवणारीने दुसरीला विचारावं असं. ती पुढे वाकली आणि बायकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, ‘हाई आते सुचनं, का पहिलेपासून तयार व्हतं?’

मयूरीचा हात थांबला नाही. ‘पहिलेपासून.’

‘कधीनं?’

‘मी या घरमा उनू, आनि तुम्ही माले पहिलं वाक्य बोलन्यात, तधीनं.’

मी या घरात आले आणि तुम्ही मला पहिलं वाक्य बोललात, तेव्हाचं. केसरबाईने मान हलवली, जणू तिला ते माहीतच आहे. पातेल्यातून उचललेला गोळा तिच्या हातात गार होत होता. उंबऱ्यावर नवी नवरी उभी आहे, डोक्यावर पदर, हात सावळे, अख्खे सावळे. तिच्याकडे बघून आपण काहीतरी म्हणतो आहोत, बायका हसत आहेत, आणि आपण वळून आत जातो आहोत. ते सगळं तिला दिसलं. ऐकू मात्र काही येईना. ती स्वतःचं एकही वाक्य विसरत नसे. हे एक तिला आठवत नव्हतं, आणि समोर, हातभर अंतरावर, ते ज्या एकाच माणसाला पाठ होतं, त्या माणसाला विचारायची तिची छाती होईना.